रुमाल, खतावणी आणि खूणचिठ्ठी

झाशी शहराच्या तटाला दहा दरवाजे होते अशी जुन्या गॅझेटियरांची नोंद आहे. दतिया, ओरछा, उन्नाव, बडागाव, भांडेर, सागर, सैंयर ही त्यांतील बहुतेक नावे गावांची आहेत. त्या दरवाज्यातून बाहेर पडलेली वाट कोठे जाते एवढेच ती सांगतात. ज्याला आज सारे शहर ‘खंडेराव गेट’ म्हणते आणि ज्याचे नाव भोवतालच्या वस्तीलाही चिकटले आहे, तो दरवाजा मात्र या जातीचा नव्हे. वाट कोठे जाते हे तो सांगत नाही. नाव ठेवणाऱ्यांची भाषा कोणती होती हे सांगतो. १७४२ च्या सुमारास नारो शंकर सुभेदार म्हणून येथे आले, त्यांनी किल्ला वाढविला, शहर वसविले. पुढे नेवाळकरांचे घराणे आले आणि १८५३ च्या नोव्हेंबरात गंगाधरराव निवर्तले तोवर ते नांदले. या शे-सव्वाशे वर्षांच्या मराठी वस्तीची खूण बुंदेलखंडाच्या मातीतल्या एका वेशीवर राहून गेली आहे.

एकाच तटावर नावांच्या दोन जाती नांदाव्यात, ही गोष्ट दप्तर लावणाऱ्याला विचार करावयास लावणारी आहे. कागद कशाविषयी आहे आणि कागद कोणाकडून आला, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. आणि आपल्याकडील बहुतेक संग्रहांचा गोंधळ या दोहोंची सरमिसळ करण्यात आहे. कागद दगडी इमारतीत होते तोवर हा गोंधळ सोसण्याजोगा होता, कारण कपाट, मांडणी आणि वृद्ध दप्तरदाराची स्मृती या तीन गोष्टी त्याला सावरून धरीत. आता कागदांच्या प्रतिमा संगणकात उतरत आहेत आणि त्या सावरणाऱ्या तिन्ही गोष्टी एकदमच नाहीशा होत आहेत. म्हणून फोल्डर, लेबल आणि टॅग हा विषय तांत्रिक कारकुनीचा समजून भाषा-साहित्याच्या अभ्यासकांनी तो दुसऱ्यांवर सोपवू नये, असे मला आग्रहाने म्हणावयाचे आहे.

फोल्डर म्हणजे कप्पा. त्यात दुसरा कप्पा, त्यात तिसरा, अशी त्याची रचना असते आणि वस्तू एका वेळी एकाच कप्प्यात राहते. टॅग म्हणजे खूणचिठ्ठी. ती वस्तूला चिकटते आणि एका वस्तूला अशा चिठ्ठ्या हव्या तितक्या लावता येतात. २००३-०४ च्या सुमारास इंटरनेटवरील दुव्यांना आणि छायाचित्रांना अशा चिठ्ठ्या लावण्याची पद्धत सर्वत्र पसरली. २००४ मध्ये निघालेल्या जीमेलने पत्रांसाठी कप्प्यांऐवजी लेबले दिली, आणि २००७ पासून हॅशटॅग नावाच्या चिन्हाने तर सार्वजनिक बोलण्याची रीतच बदलली. पाश्चात्त्य लेखनात या घटनेचा ‘कप्प्यांपासून मुक्ती’ असा गौरव पुष्कळ झाला. मला तो अर्धाच मान्य आहे. कप्पा जाचक असतो हे खरे. पण कोणत्या ठिकाणी तो जाचक असतो आणि कोणत्या ठिकाणी तोच आधार असतो, हे पाहिल्यावाचून त्याला निरोप देणे शहाणपणाचे नाही.

कप्प्याचा जाच पाहावयाचा तर झाशीशी निगडित असलेला सर्वांत प्रसिद्ध मराठी ग्रंथच घ्यावा. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली द्रव्यार्जनासाठी चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि १८५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये ह्यू रोजच्या सैन्याने झाशी घेतली तेव्हा शहरातच होते. पुढे कित्येक वर्षांनी चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून त्यांनी आठवणी लिहिल्या. त्या वैद्यांनी १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ म्हणून प्रसिद्ध केल्या. मूळ हस्तलिखिताच्या आधाराने दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ ची. हा ग्रंथ ग्रंथालयात कोठे ठेवावा? ‘प्रवास’ हा शब्द मथळ्यात आहे म्हणून प्रवासवर्णनात ठेवावा, तर उपशीर्षक ‘१८५७ सालच्या बंडाची हकीकत’ असे बजावते, म्हणजे तो इतिहासात गेला. लेखक स्वतःची हकीकत सांगतो म्हणून आत्मचरित्रात ठेवावा, तर गद्याची सहजता पाहून साहित्याचा अभ्यासक त्याला ड्यूईच्या दशांश पद्धतीतील ८९१.४६ या मराठी साहित्याच्या क्रमांकाखाली ओढतो. चारही निर्णय समर्थनीय आहेत, आणि ग्रंथ एकच असल्याने फडताळात त्याला एकच जागा मिळते. ज्या वाचकाने उरलेल्या तिहींपैकी एखाद्या फडताळापाशी शोध केला, त्याच्या लेखी तो ग्रंथ अस्तित्वातच नाही.

भाषांतरांनी तर या ग्रंथाला आणखी नावे दिली. अमृतलाल नागरांनी त्याला हिंदीत ‘आँखों देखा गदर’ केले, म्हणजे प्रवासाचा प्रत्यक्षदर्शी पुरावा झाला. इंग्रजीत अलीकडे दोन-तीन वर्षांच्या अंतराने निघालेल्या भाषांतरांपैकी एकाच्या मुखपृष्ठावर उठावाची ‘खरी कहाणी’ असे शब्द आहेत (मृणाल पांडे, २०११), तर दुसऱ्यावर ‘ब्राह्मण पुरोहिताची साहसे’ असे (प्रिया आडारकर व शांता गोखले, २०१४). नाव बदलले की वाचक बदलतो आणि वाचक बदलला की ग्रंथातील निराळीच पाने ठळक होतात. काशीयात्रेची, दक्षिणेची, अनुष्ठानांची पाने वाचणारा एक. कत्तलीची पाने वाचणारा दुसरा. मूळ घटनेचेही तसेच. गोडसे तिला ‘बंड’ म्हणतात, नागर ‘गदर’ म्हणतात, सावरकरांच्या १९०९ च्या ग्रंथापासून ते ‘स्वातंत्र्यसमर’ झाले, आणि आजचा अभ्यासक सावधपणे ‘उठाव’ म्हणतो. सूचीकाराने यांपैकी एक शब्द खुणेसाठी निवडला की त्याने नकळत एक बाजू घेतली. मला विचाराल तर येथे ‘१८५७’ हा आकडाच सर्वांत निष्पक्ष खूण आहे. मात्र ग्रंथकाराने वापरलेला शब्द नोंदीत स्वतंत्र राखला पाहिजे, कारण ‘बंड’ हा गोडसे यांचा शब्द पुसून टाकण्याचा अधिकार सूचीकाराला नाही.

अशा ग्रंथासाठी खूणचिठ्ठ्या हे वरदानच आहे. प्रवास, आत्मकथन, १८५७, झाशी, पौरोहित्य, काशी, मोडी हस्तलिखित अशा सात-आठ चिठ्ठ्या लावल्या की फडताळाचा प्रश्न मिटला. हा विचार आपल्याला परका नाही. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण मांडले, त्यात विषयाला एका खोबणीत न बसविता त्याची अनेक अंगे स्वतंत्रपणे सांगावी हेच सूत्र होते. स्थळ हे एक अंग, काळ हे दुसरे. त्याच्याही पूर्वी आपल्या पेढ्यांवर आणि फडांवर हीच युक्ती वेगळ्या नावाने चालत होती. कीर्दीत रकम तारखेच्या क्रमाने एकदाच लिहावयाची आणि मग खतावणीत तिला ज्या ज्या खात्यांशी संबंध असेल तेथे तेथे चढवावयाची. कीर्द पुसावयाची नाही, खतावणी मात्र नव्या खात्यांनी वाढू शकते. संगणकावरील टॅग म्हणजे खतावणी आहे. इतके ध्यानात घेतले की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो: मग आपली कीर्द कोणती?

माझे उत्तर असे की, ज्या रुमालात कागद सापडला तो रुमाल हीच कीर्द. पुण्याच्या पेशवे दप्तरातील हजारो रुमालांचे महत्त्व त्यांतील सुट्या कागदांपुरते नाही; कोणता कागद कोणाच्या शेजारी बांधला होता, हीही एक माहितीच आहे. १९३० नंतरच्या काही वर्षांत गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्या दप्तरातून निवडून काढलेल्या कागदांचे पंचेचाळीस खंड प्रसिद्ध केले. मराठ्यांच्या इतिहासावर त्यांचे ऋण एवढे मोठे आहे की त्याबद्दल दोष काढणे कृतघ्नपणाचे ठरेल. तरी त्या खंडांची रचना विषयवार आहे हे नमूद केले पाहिजे. दुसरा खंड पानिपतच्या प्रकरणाचा. आता पानिपतच्या खंडात गेलेल्या एखाद्या पत्रात धान्याची धारण असेल, यात्रेकरूंचा उल्लेख असेल, किंवा अठराव्या शतकाच्या मराठीचा एखादा दुर्मीळ प्रयोग असेल, तर भाषेचा अभ्यासक ते पत्र शोधण्यासाठी पानिपतच्या खंडाकडे जाईलच असे नाही. छापील ग्रंथात एक कागद पाच ठिकाणी छापणे शक्य नव्हते. संपादकाला निवड करणे भागच होते. आज ती सक्ती उरलेली नाही. तरीही आपले संशोधक संगणकावर ‘पानिपत’, ‘लक्ष्मीबाई’, ‘संकीर्ण’ असे कप्पे करून त्यांत रुमालातून उचललेल्या प्रतिमा टाकीत बसतात, आणि मूळ क्रम एका दुपारी कायमचा मोडतात. (‘संकीर्ण’ हा कप्पा तर स्वतंत्र निबंधाचा विषय आहे. जे आपल्याला कळले नाही ते सारे त्यात जाते, आणि काही वर्षांनी तोच सर्वांत मोठा कप्पा झालेला असतो.)

म्हणजे कप्पा आणि चिठ्ठी यांत वैर नाही. कामे वेगळी आहेत. कप्पा उगमासाठी राखावा आणि चिठ्ठी विषयासाठी वापरावी. कोणाच्या घरचा, कोणत्या पेटीतला, कितवा रुमाल, कितवा कागद, कोणती बाजू: एवढेच कप्प्याने व संचिकेच्या नावाने सांगावे, आणि ते एकदा ठरले की त्याला हात लावू नये. विषय, व्यक्ती, स्थळ, काळ, भाषा, लिपी हे सारे चिठ्ठ्यांवर. चिठ्ठी चुकली तर काढता येते. विस्कटलेला रुमाल मात्र पुन्हा बांधता येत नाही.

चिठ्ठ्यांचा भक्तसंप्रदाय जी गोष्ट सांगत नाही ती आता सांगतो. ज्याने त्याने आपल्या मनाप्रमाणे चिठ्ठी लावावी आणि समुदायाच्या शहाणपणातून व्यवस्था उमलावी, ही कल्पना एका भाषेच्या, एका लेखनपद्धतीच्या समाजात कदाचित चालेल. झाशीच्या कागदांना ती लावून पाहा. मराठीत आपण ‘झाशी’ लिहितो, हिंदीत ‘झाँसी’ किंवा ‘झांसी’ लिहितात. डोळ्याला हे तिन्ही एकच शहर दिसते, यंत्राला ती तीन निराळी अक्षरमालिका आहे. ‘नेवाळकर’ हे आडनाव हिंदीत ‘नेवालकर’ होते, कारण प्रचलित हिंदी वर्णमालेत ळ नाही. म्हणजे एका अक्षराच्या अभावी राजघराण्याचे दोन तुकडे होतात. ‘गंगाधरराव’ मराठीत एक शब्द, हिंदीत ‘गंगाधर राव’ असे दोन. आणि ‘खंडेराव’ हे नुसते नाव शोधयंत्राला दिले तर काय काय पुढे येईल? जेजुरीचा देव येईल. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडलेले मल्हाररावांचे पुत्र येतील. बडोद्याचे महाराज येतील आणि त्यांच्या नावाची बडोद्याची मंडईही येईल. भालचंद्र नेमाडे यांच्या २०१० च्या ‘हिंदू’ या कादंबरीचा नायक येईल. झाशीची वेस या गर्दीत कोठे तरी मागे उभी असेल. नुसता शब्द म्हणजे चिठ्ठी नव्हे. ‘खंडेराव (दरवाजा, झाशी)’ असा निश्चित केलेला आणि त्याची सारी पर्यायी रूपे पोटात घेतलेला शब्द म्हणजे चिठ्ठी. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची १९४३ मध्ये सिद्ध केली, तीत जी शिस्त आहे ती अशा निश्चितीचीच आहे. एका माणसाने कागद-पेन्सिलीने जे साधले ते आपण यंत्र हाताशी असून साधत नाही, हे लाजिरवाणे आहे.

दुसरी एक गफलत वारंवार घडते: लिपीला भाषा समजण्याची. ‘मोडी कागद’ हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की नोंदीत भाषेच्या रकान्यात ‘मोडी’ लिहिले जाते. मोडी ही लिपी आहे. २०१४ पासून युनिकोडमध्ये तिला स्वतंत्र जागा मिळालेली आहे. भाषा व लिपी यांचे रकाने वेगळे ठेवले नाहीत तर उत्तर हिंदुस्थानातील मराठी संस्थानांच्या दप्तरांचे वैशिष्ट्यच झाकले जाते. कारण तेथे मोडीतील मराठी, नागरीतील बुंदेली-हिंदी आणि फारसी खलिते हे एकाच कारभाराचे भाग होते. तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाला ज्या गोष्टीत सर्वांत अधिक रस असावा तीच त्या एका चुकीच्या रकान्यात बुडते. काळाचेही असेच. मराठी दप्तरातला कागद सुहूर सन सांगेल, शके सांगेल, उत्तरेतला संवत सांगेल. सुहूर सनात ५९९ वा ६०० मिळवून, शकात ७८ वा ७९ मिळवून आणि विक्रम संवतातून ५६ वा ५७ वजा करून इसवी सन काढता येतो हे अभ्यासकास ठाऊक असते. पण चिठ्ठीवर नुसता काढलेला सन लिहून मूळ मिती टाकून देणे हा अपराध आहे, कारण हिशेब चुकला असेल तर तो तपासण्याचे साधनच उरत नाही. दोन्ही लिहावे, काढलेला सन वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहावा, म्हणजे यंत्र कागद आपोआप कालक्रमाने लावते.

तिसरी गोष्ट, चिठ्ठी राहते कोठे? पुष्कळांचा समज असा की एकदा टॅग लावला की तो प्रतिमेबरोबर फिरतो. बहुधा तो ज्या कंपनीच्या सेवेत लावला तिच्याच घरात राहतो. डिलिशस नावाच्या संकेतस्थळावर २००३ पासून असंख्य लोकांनी आपल्या दुव्यांना खुणा लावल्या. त्याचे मालक पुनःपुन्हा बदलले आणि २०१७ मध्ये त्यात नवी भर घालण्याची सोय बंद झाली. प्रतिमेच्या पोटात लिहिलेली माहितीही सुरक्षित नसते. व्हॉट्सअ‍ॅपवरून छायाचित्र म्हणून धाडलेल्या प्रतीतून ती गळून पडते. आणि आपल्या घराण्यांचे जुने कागद आज कोणत्या वाटेने फिरत आहेत? नेमक्या त्याच. म्हणून उगम संचिकेच्या नावातच असावा आणि सर्व चिठ्ठ्यांची एक साधी, कोणत्याही यंत्रावर उघडणारी यादी त्या प्रतिमांच्या शेजारी ठेवावी. कॅमेऱ्याने दिलेला निव्वळ क्रमांक नाव म्हणून ठेवणे म्हणजे अनामिकाला अनामिकच राहू देणे होय.

मी ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला तो मुद्दा मात्र याहून अवघड आहे आणि तो यंत्राचा नाही. झाशी, ग्वाल्हेर, सागर, इंदूर, बडोदे, तंजावर येथील मराठी लेखनाला आपण महाराष्ट्रात बसून ‘बृहन्महाराष्ट्र’ ही चिठ्ठी लावतो. तीत आपुलकी आहे, हे नाकारीत नाही. पण कप्पा म्हणून तिचा अर्थ एवढाच होतो की, हे मुख्य ग्रंथाचे परिशिष्ट. तिकडे हिंदीचा अभ्यासक तेच कागद ‘बुंदेलखंड’ या कप्प्यात ठेवतो. मोडी वाचता येत नसल्याने त्यांचे एक वर्णन लिहून थांबतो. एका बाजूला भाषा कळते पण स्थळ परके वाटते. दुसऱ्या बाजूला स्थळ आपले पण भाषा परकी. परिणामी या कागदांचा पुरता मालक कोणीच होत नाही. १८४२ मध्ये लक्ष्मीबाईंचा विवाह झाला ते गणेश मंदिर झाशीत आजही आहे, त्याच्याभोवतीची मराठी घरेही आहेत. त्या घरांतील पिढ्या आता हिंदीत शिकलेल्या आहेत. त्यांनी आपल्या पणजोबांच्या कागदाला कोणते नाव द्यावे हे पुण्याने ठरवावे की लखनौने? माझ्या मते दोघांनीही नाही. मालकाने सांगितलेले नाव, मग ते ‘आजीच्या पेटीतले कागद’ एवढेच का असेना, पहिल्या चिठ्ठीवर जसेच्या तसे आले पाहिजे. त्याखाली मराठीच्या अभ्यासकाने आपली चिठ्ठी लावावी, हिंदीच्या अभ्यासकाने आपली. चिठ्ठी कोणी लावली हेही तिच्यावर असावे. कप्प्यांच्या जगात हे तिघे एकमेकांना पुसून टाकीत. खतावणीत तिघांनाही खाते मिळू शकते.

यावर कोणी म्हणेल की एवढा खटाटोप कोण करणार, त्यापेक्षा यंत्राला सगळे वाचावयास द्या, ते स्वतःच शोधून काढील. छापील नागरीपुरते हे आज पुष्कळसे खरे आहे. मोडीपुरते अजून नाही. घसाऱ्यात लिहिलेल्या, र्‍हस्व-दीर्घाचा भेद न पाळणाऱ्या, शब्द न तोडणाऱ्या मोडीचे यांत्रिक वाचन अद्याप विश्वसनीय म्हणता येत नाही. आणि ते उद्या झाले तरी कागद कोणत्या पेटीत होता हे कागदावर लिहिलेले नसते. ते विचारावे लागते, आणि ज्यांना विचारावयाचे ती माणसे वृद्ध आहेत.

गोडसे यांनी झाशीच्या राजवाड्यातील मोठ्या ग्रंथसंग्रहाचे वर्णन केले आहे आणि शहर लुटले गेले तेव्हा त्याचा नाश कसा झाला हेही लिहिले आहे. त्या पोथ्या आज नाहीत. एका भिक्षुकाने अनेक वर्षांनंतर आठवून लिहिलेल्या चार ओळी तेवढ्या आपल्या हाती आहेत, आणि त्या ओळी ज्या मोडी हस्तलिखितात होत्या ते कोणी तरी नीट बांधून, नाव घालून ठेवले म्हणून त्या १९६६ मध्ये मुळाबरहुकूम छापता आल्या. आज मध्य भारतातील विद्यापीठांच्या भाषाविभागांनी, आणि या नियतकालिकाच्या वाचकांपैकी ज्यांच्याकडे अशा प्रतिमा साठल्या आहेत त्यांनी, प्रारंभ म्हणून एक लहान काम हाती घ्यावे: मराठी स्थळनामांची व घराण्यांच्या नावांची, सर्व भाषांतील पर्यायी रूपांसह, एक सामायिक यादी. तिची पहिली शंभर नावे एका उन्हाळ्यात होतील. झ या अक्षराखाली ‘झाशी’ येईल, तिच्या पोटात ‘झाँसी’ व ‘झांसी’. ख खाली ‘खंडेराव (दरवाजा, झाशी)’, पर्यायी रूपे ‘खंडेराव गेट’ व ‘खण्डेराव गेट’. न खाली ‘नेवाळकर’, पाहा ‘नेवालकर’.